नळदुर्गची हद्द आणि तेरा महिन्यांची कोंडी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की सुमारे ४५ किलोमीटरवर, बोरी नदीच्या वळणात, नळदुर्गचा किल्ला उभा आहे. नदीवरील बांध, त्याच्या पोटातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. १९४८ पर्यंत याच वाटेवर एका राज्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होत असे, याची आठवण आता थोड्यांनाच उरली आहे. सोलापूर व बार्शी मुंबई इलाख्यात होती. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात.

ही हद्द व्यापाऱ्याला पावलोपावली जाणवे. करोडगिरीच्या नाक्यावर मालाच्या किमतीवर ५ टक्के जकात द्यावी लागे. नाणेही निराळे. संस्थानात हाली शिक्का चाले आणि ७ हाली रुपयांना ६ कलदार असा हिशेब असे. तरीही बाजार एकमेकांत गुंतलेले होते. लातूरची पेठ बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने बार्शी-कुर्डुवाडीशी जोडलेली होती. सोयरीक, उधारी आणि आडत हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती. कुंथलगिरीच्या यात्रेला जाणारी सोलापूरकडील जैन कुटुंबेही हीच हद्द ओलांडून जात.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर या रेषेचा अर्थ बदलला. हैदराबाद भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला; पण त्याची शाई वाळते न वाळते तोच संस्थानाने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंधने घातली आणि भारतीय चलन व्यवहारातून बाद केले. त्यातच पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज रोख्यांच्या रूपाने दिल्याचे उघड झाले. भारत सरकारने हा करारभंग मानला.

पुढे दुसऱ्या बाजूनेही वाटा आवळल्या गेल्या. शस्त्रे व लष्करी उपयोगाचे सामान अडविले जाऊ लागले. पेट्रोल दुर्मिळ झाले. मीठ, औषधे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनदेखील रोखले जाते, अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. संपूर्ण आर्थिक नाकेबंदी केल्याचा आरोप दिल्लीने मान्य केला नाही. समुद्रकिनारा नसलेल्या आणि चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या संस्थानाला मात्र या बंधनांची झळ बसल्यावाचून राहिली नाही. सिडने कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणीत होता. म्हणजे बंदुकांना आकाशमार्ग सापडला, मिठाच्या पोत्याला बैलगाडीची वाटही उरली नाही.

त्याच काळात कासिम रझवीच्या रझाकारांचा जुलूम वाढला. सीमेवरील गावांतून अनेक कुटुंबे घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे आली. स्टेट काँग्रेसची शिबिरे हद्दीलगत उभी राहिली. उस्मानाबाद जिल्ह्यातील लढ्यात फुलचंद गांधी अग्रभागी होते. ज्यांची वसुली पलीकडे अडकली, त्यांच्या वह्यांत येणे दिसत होते, हाती काहीच नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले. पहिली महत्त्वाची लढत नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला, किल्ल्याजवळचा प्रतिकार मोडला आणि सकाळीच रणगाडे जळकोटला पोहोचले. दुपारी उमरगा गाठले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तेरा महिन्यांची कोंडी पाच दिवसांत संपली.

कोंडी संपली तरी दुःख संपले नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव नोंदविले. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. एकाच व्यवसायातील माणसांनी परस्परांना अधिक जपले. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले, काहींनी त्यासाठी प्राणही दिले.

व्यापारी कुटुंबांनी ही नोंद विशेष जपावी अशी आहे. नाकेबंदी राजसत्तांमध्ये होते, पण ती प्रथम तुटते ती किराण्याच्या दुकानात, दवाखान्यात आणि उधारीच्या वहीत. दोन गावांतला व्यवहार म्हणजे केवळ नफा-तोटा नसतो. माल घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखतात, त्या ओळखीची ती वाट असते. पेठ बंद पडते तेव्हा ती ओळखही पुसू लागते. आज नळदुर्गच्या रस्त्यावर मालमोटारी अखंड धावतात, नाक्यावर कोणी हाली शिक्का मागत नाही. ही सहजता किती मोलाची आहे, हे बोरीच्या काठावर क्षणभर थांबले की उमगते.