एका दिवसाच्या पिलांचा टपालप्रवास

कोंबड्या पाळण्याचा जोडधंदा करूं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास पहिली अडचण पडते ती पिलें मिळविण्याची. खुडूक कोंबडीखालीं अंडीं बसविलीं तर दहाबारा पिलें निघतात. परंतु एका वयाचीं व एका जातीचीं शंभर-दोनशें पिलें हवीं असल्यास तीं उबवणी केंद्रांतूनच आणावीं लागतात. केंद्र दूर असलें म्हणजे, कालच अंड्यांतून निघालेला हा नाजूक जीव शेंकडों मैल न्यावा कसा, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं हा प्रश्न टपालखात्याच्या द्वारें सोडविला. तेथें 1918 सालापासून एका दिवसाचीं पिलें टपालानें पाठविण्याची मुभा आहे. अलीकडे या सोयीस दोष लागला आहे, व ती बंद करावी असें कांहीं लोक म्हणतात. आमच्या मतें ती बंद न करतां सुधारली पाहिजे.

प्रथम असा प्रवास शक्य कसा होतो तें पाहूं. पिलूं बाहेर येण्यापूर्वीं थोडाच वेळ उरलेला बलक त्याच्या पोटांत ओढला जातो. ही निसर्गानें बांधून दिलेली शिदोरीच होय. कोंबडीखालचीं सगळीं अंडीं एकाच घटकेस फुटत नाहींत. पहिलें पिलूं निघाल्यापासून शेवटचें निघेपर्यंत एखाददुसरा दिवस जातो. तोंवर आधीं निघालेल्या पिलांनीं दाण्यापाण्यावांचून तग धरावा, म्हणून ही योजना. या शिदोरीवर पिलूं सुमारें तीन दिवस काढूं शकतें. माणसानें त्या तीन दिवसांचा उपयोग प्रवासासाठीं करून घेतला, इतकेंच.

मात्र शिदोरीबरोबर ऊबही लागते. पहिल्या कांहीं दिवसांत पिलास आपल्या शरीराची उष्णता राखतां येत नाहीं. म्हणूनच ब्रूडर, म्हणजे कृत्रिम दाई, हिच्याखालीं पहिल्या आठवड्यांत सुमारें 95 अंश फॅरनहाइट उष्णता ठेवतात. प्रवासांत हें काम पिलांनीं एकमेकांसाठीं करावयाचें असतें. शंभर पिलांच्या खोक्याचे चार कप्पे करून प्रत्येकांत पंचवीस पिलें ठेवण्याची रीत आहे. त्या योगें ऊब राहते, पण सगळीं एका कोपऱ्यांत जमून चेंगरत नाहींत.

अमेरिकन टपालखात्याचे नियम या शास्त्रास धरून आहेत. पिलें चोवीस तासांहून अधिक वयाचीं नसावीं. तीं उबवणी केंद्राच्या मूळ, न उघडलेल्या खोक्यांत असावीं व त्यावर अंडीं फुटल्याची तारीख आणि तास लिहिलेला असावा. खोकें हवेशीर असून वरच्या ओझ्यानें दबणारें नसावें. दहांहून अधिक खोकीं एकावर एक रचूं नयेत. रविवारीं, सुटीच्या दिवशीं किंवा त्याच्या आदल्या दुपारीं तीं पोंचणार नाहींत, अशा बेतानें आठवड्याच्या आरंभींच टपालांत घालावीं. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: अंड्यांतून निघाल्यापासून 72 तासांच्या आंत पिलें मालकाच्या हातीं पडलीं पाहिजेत.

नियम इतके चोख असतांना पिलें मरतात कां? याचें उत्तर एका शब्दांत देतां येईल, तें म्हणजे विलंब. 2020 सालच्या उन्हाळ्यांत त्या खात्यानें काटकसरीसाठीं जादा वेळेचें काम व मोटारींच्या जादा फेऱ्या कमी केल्या. त्याच सुमारास मेन संस्थानांतील शेतकऱ्यांच्या हातीं मेलेल्या पिलांचीं खोकीं पडूं लागलीं. तेथील लोकप्रतिनिधी चेली पिंग्री यांनीं पोस्टमास्तर जनरलांस पत्र लिहून दाद मागितली; मृत पिलांचा आंकडा निदान 4,800 सांगण्यांत आला.

2025 सालच्या वसंत ऋतूंत डेलावेअर संस्थानांत घडलेली गोष्ट याहून दारुण आहे. टपालाच्या एका वितरण केंद्रावर सुमारें 12,000 पिलें एका मालमोटारींत तीन दिवस तशींच राहून गेलीं. त्यांपैकीं सुमारें 4,000 दगावलीं. उरलेलीं एका प्राणिरक्षक संस्थेस सांभाळावीं लागलीं. रोगसंसर्गाच्या भीतीनें उबवणी केंद्रास तीं परतही घेतां येईनात. याच डेलावेअरमध्यें 1923 सालीं सेसिल स्टील या बाईंनीं 50 पिलें मागविलीं असतां चुकीनें 500 आलीं. त्यांनीं तीं वाढवून मांसासाठीं विकलीं, आणि तेथूनच त्या देशांतील मांसकोंबडीच्या धंद्यास चालना मिळाली. हिशेबांतली चूक सावरतां आली, कारण पिलें जिवंत पोंचलीं होतीं. विलंबाची चूक मात्र कोणासही सावरतां येत नाहीं.

अशा बातम्या वाचून कित्येक दयाळू लोक म्हणतात कीं, जिवंत प्राणी टपालानें पाठवूंच नयेत. त्यांची कळकळ खरी आहे. परंतु ही सोय बंद झाल्यास नुकसान कोणाचें होईल याचाही विचार केला पाहिजे. मोठ्या कंपन्यांपाशीं स्वतःच्या मोटारी असतात. टपालावर अवलंबून राहतो तो पंचवीस-पन्नास पिलें घेणारा लहान शेतकरी आणि दुर्मिळ जाती जतन करणारा पाळणारा. शिवाय वेळेंत पोंचलेलें पिलूं चांगलें वाढतें, हा शंभर वर्षांचा अनुभव आहे.

तेव्हां उपाय विलंबावर केला पाहिजे. खोक्यावर फुटल्याच्या तासाबरोबर मुदत संपण्याचा तासही ठळक अक्षरांत लिहावा, म्हणजे कोणा कारकुनास हिशेब करीत बसावें लागणार नाहीं. प्रत्येक वितरण केंद्रांत दर पाळीस एका नोकराकडे जिवंत टपाल सोंपवावें. मोटारी व कोठारें स्वतः पाहिल्याची सही केल्यावांचून त्यानें घरीं जाऊं नये. मुदत टळणार असें दिसतांच, पूर्वीं नोंदवून ठेवलेल्या जवळच्या संस्थेस पिलें देण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यास असावा. मेलेल्या पिलांची संख्या दरमहा प्रसिद्ध व्हावी. यांपैकीं कशासही मोठीं यंत्रें लागत नाहींत. लागते ती जबाबदारी.

मागविणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. त्यानें ब्रूडर आदल्या दिवशींच तापवून ठेवावा. पिलें येतांच प्रथम कोमट पाणी द्यावें; एकेकाची चोंच पाण्यांत बुडविली म्हणजे तें पिण्यास शिकतें. दाणा त्यानंतर घालावा.

आपल्याकडील शेतकऱ्यासही यांत घेण्यासारखें आहे. भारत सरकारच्या 1978 सालच्या प्राणिवाहतूक नियमांतही हेंच तत्त्व आहे: पिलें अंड्यांतून निघतांच पाठवावीं, खोक्यांत सांठवून ठेवूं नयेत, ऊन, पाऊस व उष्मा यांपासून जपावीं, खोकीं आडवींतिडवीं धरूं नयेत, व त्यांवर दुसरा माल रचूं नये. परंतु नियम कागदावर असून भागत नाहीं. आपण पिलें विकत घेतों तेव्हां जात विचारतों, भाव विचारतों, लस टोंचली कीं नाहीं हें विचारतों. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची संवय लावावी: हीं पिलें कोणत्या दिवशीं, किती वाजतां निघालीं? घेणारा हें विचारूं लागला, म्हणजे देणाऱ्यास व नेणाऱ्यास त्याचें उत्तर तयार ठेवावेंच लागेल.