लॅपटॉप सुरू न झाल्यास
कळ दाबूनही लॅपटॉपचा पडदा उजळला नाहीं, कीं आंतील सारें लेखन बुडालें अशा समजुतीनें पुष्कळजण धीर सोडतात. वस्तुतः जतन केलेला मजकूर डिस्कवर असतो. वीज गेल्यानें तो पुसला जात नाहीं.

प्रथम चार्जर व प्लग तपासावा. बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र तेथेंच थांबावें. आगीचें भय असतें. एरव्हीं चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, कळ सुमारें ३० सेकंद दाबून धरावी; आंत उरलेला विद्युद्भार निघून जातो. मग केवळ चार्जर जोडून पाहावें. पंखा फिरूनही पडदा काळाच राहिल्यास बाहेरचा मॉनिटर जोडावा. त्यावर चित्र उमटलें, तर दोष पडद्याकडचा समजावा.

एवढ्यानें न भागल्यास कारागिराकडे जावें. परंतु डिस्क पुसूं नये, असें त्यास आधींच बजावावें.