संगणक आपला पत्ता विसरतो तेव्हा

माजिवडा नाक्याजवळच्या एका शाळेत संगणक कक्षाचे काम आम्ही काही शिक्षक पाहतो. एका दुपारी तिथले इंटरनेट बंद पडले. शिष्यवृत्तीचे सोळा अर्ज भरायचे राहिले होते आणि मुदत त्याच रात्री संपत होती. कुणीतरी सुचवले, "नेटवर्क रीसेट करून टाका, हमखास चालू होते." ज्या संगणकावर अर्जांचे काम चालले होते, त्याच्यावरच आम्ही हा उपाय केला. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पण इंटरनेट काही आले नाही.

बिघाड मुळात आमच्याकडे नव्हताच. रस्त्याच्या खोदकामात बाहेरची केबल तुटली होती. संध्याकाळी ती जोडली गेली, कक्षातले बाकीचे संगणक चालू झाले आणि नेमका तो एकच बंद राहिला. औषधानेच दुखणे आणले होते! हे कसे घडले, याचा शोध घेताना आम्हाला जे समजले ते इथे मांडत आहोत.

संगणकाला काय काय ठाऊक असावे लागते?

इंटरनेटवर बोलायचे तर संगणकाला तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, स्वतःचा पत्ता. हा पत्ता म्हणजे ० ते २५५ मधल्या चार आकड्यांची मालिका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. (असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते अपुरे पडू लागल्याने आता अधिक लांबीचे पत्तेही वापरात आले आहेत.) दुसरी गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याची वाट. माजिवड्याच्या कुठल्याही गल्लीतून मुंबईला, नाशिकला किंवा घोडबंदरला जायचे तर आधी नाक्यावर यावे लागते. शाळेतल्या संगणकांचा असा नाका म्हणजे राउटर. तिसरी गोष्ट, नावावरून पत्ता सांगणारी सोय. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण संगणकाला आकडेच लागतात. हे काम डीएनएस नावाची व्यवस्था करते. तिची आखणी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली केली.

ही माहिती हाताने भरता येते, किंवा राउटरकडून आपोआप मिळते. आपोआप मिळण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. संगणक सुरू होताच नेटवर्कवर पत्त्याची मागणी करतो आणि राउटर त्याला ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या सुरुवातीच्या वर्षांत जोडणीचे कितीतरी तपशील हाताने भरावे लागत. आज बहुतेक ठिकाणी ते आपोआप होते, म्हणूनच ते आपल्या नजरेआड गेले आहे.

रीसेटने नेमके काय होते?

रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. संगणकाने जमवलेली ही टिपणे पुसून कोरी पाटी करणे, एवढाच त्याचा अर्थ. टिपणे चुकीची असतील तर पाटी पुसल्याने फायदा होतो. ती बरोबर असतील तर नुकसान होते. आमच्या कक्षात पत्ते हाताने भरलेले होते आणि राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद होती. रीसेटनंतर संगणक पत्ता मागत राहिला, पण देणारे कुणीच नव्हते. शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. त्याची सुरुवात १६९.२५४ अशी होती. असा पत्ता दिसला की समजावे, संगणकाला पत्ता मागूनही मिळालेला नाही. त्यावर फार तर शेजारच्या यंत्राशी बोलता येते, बाहेर जाता येत नाही.

आधी चार प्रश्न

म्हणून रीसेटपूर्वी बिघाड कुठे आहे ते शोधावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा (अर्थात इंग्रजी अक्षरांत) दिली की संगणकाचा पत्ता आणि राउटरचा पत्ता दिसतो. मग 'पिंग' या आज्ञेने आतून बाहेर अशा क्रमाने हाका मारत जावे.

१. १२७.०.०.१ ला हाक मारा. ही स्वतःलाच मारलेली हाक आहे. उत्तर नसेल तर बिघाड संगणकाच्या प्रणालीतच आहे.

२. राउटरला हाक मारा. उत्तर नसेल तर केबल, वाय-फाय किंवा संगणकाचा पत्ता तपासा.

३. बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, जसे ८.८.८.८ ला, हाक मारा. राउटर बोलतो पण हा बोलत नाही, तर बिघाड बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे असतो. इथे संगणक रीसेट करणे व्यर्थ आहे.

४. एखाद्या संकेतस्थळाला नावाने हाक मारा. आकडे चालतात, नाव चालत नाही, तर दोष डीएनएसचा.

एक सावधगिरी हवी. काही यंत्रे सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच मौनावरून निष्कर्ष काढू नये. शेजारचा संगणक चालतो का, हेही पाहावे.

उपायही सौम्याकडून कडक अशा क्रमाने करावेत. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे, डीएनएसची साठवण पुसणे, पत्ता सोडून नव्याने मागणे, आणि सर्वात शेवटी पूर्ण नेटवर्क रीसेट. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. पूर्ण रीसेटमध्ये वाय-फायचे पासवर्ड आणि हाताने भरलेले पत्ते जातात. म्हणून ते आधी कागदावर उतरवून ठेवावेत.

आमच्याकडे असा कागद नव्हता. अर्जांसाठी स्कॅन केलेली कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावरून अर्ज पाठवावे लागले. सोळावा अर्ज गेला तेव्हा मुदत संपायला वीस मिनिटे उरली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या संगणकाचे आकडे पाहून, कुणी न वापरलेला पत्ता भरला आणि तो संगणक चालू झाला. आता प्रत्येक संगणकाच्या आकड्यांची वही कक्षात टांगलेली असते.

हा धडा वर्गातही घेता येईल. शिक्षकांनी गुपचूप एखादी केबल काढावी किंवा डीएनएसचा आकडा चुकीचा भरावा. मुलांनी कशालाही हात न लावता फक्त चार प्रश्न विचारून बिघाडाची जागा सांगावी, आणि कारणही द्यावे.