चमकली म्हणून कॅन्सरच?

आपल्या मराठीत 'गाठ' हा शब्द फार कामाचा आहे आणि तितकाच घातकी. कॅन्सरची ती गाठ, आणि आपल्या सगळ्यांच्या शरीरात मुळातच असलेले लिम्फ नोड, तेही गाठीच. कॉन्व्हेंटमध्ये ट्यूमर आणि नोड असे दोन वेगळे शब्द शिकलेल्या मला हा घोळ कळला तो माहूरला. मावशीचा स्तनाचा कॅन्सर बरा होऊन चार वर्षं झाली होती आणि स्कॅनमध्ये छातीत गाठी चमकल्या. घरात सगळ्यांनी धरलं, परत आला! आजीने रेणुकामातेला नवसही बोलून टाकला. निघाला सार्कोइडोसिस.

मग मशीन खोटं बोललं का? मुळीच नाही. पेट स्कॅनमध्ये (पेट म्हणजे पोट नव्हे!) शिरेतून साखरेसारखा एक पदार्थ देतात, त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. जी पेशी भुकेली, ती ही साखर जास्त ओढते. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही संपतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीचे डिटेक्टर ही जोडी टिपतात. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं, त्यामुळे तो बनवणारा सायक्लोट्रॉन फार लांब असून चालत नाही. भारतात हे तंत्र २००२ मध्ये मुंबईत परळला, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं.

आता मुद्दा असा, की हा सेन्सर साखर मोजतो, कॅन्सर नाही. सार्कोइडोसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशी विनाकारण गोळा होऊन बारीक पुंजके करतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्याही भुकेल्याच! टीबीच्या गाठीसुद्धा अशाच चमकतात, आणि आपल्याकडे टीबीचा संशय आधी येणं बरोबरच आहे. गंमत म्हणजे १८९९ मध्ये नॉर्वेच्या सीझर बॉक यांनी 'सार्कोइड' हे नाव दिलं तेच मुळी सार्कोमा, म्हणजे एका कॅन्सरसारखं दिसतं म्हणून.

चमक एकच, पण उपचार तीन तऱ्हेचे. कॅन्सर परतला तर केमो वगैरे, टीबीला निदान सहा महिने गोळ्या, आणि सार्कोइडोसिसला पुष्कळदा काहीच नाही, लागलंच तर स्टिरॉइड. टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो आणखी भडकू शकतो. म्हणून तुकडा तपासायलाच हवा. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या ऐकीव भीतीने मावशी आठ दिवस अडून बसली होती! प्रत्यक्षात श्वासनलिकेतून दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, गाठ बघून बारीक सुईने नमुना घेतात. टीबीच्या पुंजक्याचा मध्य बऱ्याचदा पनीरसारखा मेलेला असतो, सार्कोइडोसिसचा सहसा नसतो. तेवढ्यावर न थांबता टीबीची जिनएक्स्पर्ट आणि कल्चर तपासणीही करतात.

पण ग्रॅन्युलोमा निघाला म्हणून कॅन्सर नाहीच, असंही नाही. कधी कधी ट्यूमरजवळच्या नोडमध्येच अशी प्रतिक्रिया उठते. कॅन्सरवरच्या काही नव्या इम्युनोथेरपी औषधांनीही ती येते. त्यामुळे नेहमीची तपासणी चालूच ठेवावी लागते. पहिल्या ऑपरेशनच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मिळत असतील तर सोबत न्यावेत. नवा नमुना त्यांच्याशी ताडून बघता येतो, आणि माहूरहून गेलेल्या माणसाचा एक हेलपाटा वाचतो.