हळद विकायची मार्चात, बोलायचं वर्षभर



आज खताचा किंवा फवारणीचा सल्ला नाही. संदेश जरा मोठा आहे, सावकाश वाचा. जे सभासद हळद पावडर, गूळ, काकवी, बेदाणा पाकिटातून थेट गिऱ्हाईकाला विकतात किंवा यंदा विकायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी आहे. घरातल्या सुनेला, मुलाला पण दाखवा. बहुतेक घरांत स्टेटस तेच ठेवतात.

आपल्या बऱ्याच सभासदांचे नंबर माझ्याकडे सेव्ह आहेत, त्यामुळे स्टेटस दिसतात. मार्चात हळद दळून आली की दिवसाला आठ-दहा स्टेटस. सगळ्यांत एकच फोटो, पाकिटांचा ढीग, आणि वर "शुद्ध घरगुती हळद, त्वरित संपर्क करा". मे संपेपर्यंत उत्साह संपतो. मग जानेवारीपर्यंत गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि पुढाऱ्यांचे फोटो. पुण्याच्या ज्या ताईंनी गेल्या वर्षी दोन किलो हळद नेली, त्यांना नऊ-दहा महिन्यांत तुम्ही किंवा तुमचं शेत एकदाही दिसलं नाही. दरम्यान त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणाची हळद आली, त्यांनी ती घेतली. त्यांचा काय दोष?

यात आपलं नुकसान कसं होतं ते बघा. हळकुंड असेल तर ते आज नाही तर उद्या सांगलीच्या सौद्यात विकता येतं, भाव पटला नाही तर थांबता येतं. पण एकदा दळली की ती पावडर सौद्यात कोण घेणार? दिवस जातील तसा वास उतरतो, पाकीट नीट बंद नसेल तर ओल धरते. दळणावळ, पाकीट, स्टिकर यांचा खर्च वेगळाच. म्हणून दळायच्या आधी गिऱ्हाईक पाहिजे, आणि मार्चातलं गिऱ्हाईक मार्चात तयार होत नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि पेनाने प्रत्येक महिन्यात तीन गोष्टी लिहा. आपल्या शेतात तेव्हा काय चालू असतं, गिऱ्हाईकाच्या घरात काय चालू असतं, आणि आपल्याकडे विकायला काय असतं. तिन्ही जिथं जुळतात तो विक्रीचा महिना. जिथं फक्त शेत आहे, माल नाही, तिथं नुसतं दाखवायचं, "घ्या" म्हणायचं नाही. माझ्या मते वर्षाचं नियोजन म्हणजे एवढंच. त्यासाठी कुठला कोर्स लावायची गरज नाही.

हळदीचं उदाहरण घेऊ. मे-जूनमध्ये लागवड. निवडलेले जेठे गड्डे, बेणेप्रक्रिया, गादीवाफा, ठिबकच्या नळ्या. आपल्याला यात नवल वाटत नाही, पण शहरात कितीतरी लोकांना हळद जमिनीखाली येते हेसुद्धा नीट माहीत नसतं. हातात गड्डा धरून तीस सेकंद बोला, "हा आज लावला, नऊ महिन्यांनी बाहेर येईल." बास झालं. त्या माणसाने पुढचे नऊ महिने मोजायला घेतले.

पावसाळ्यात दाखवण्यासारखं काही नसतं असं सगळे म्हणतात. मला हे पटत नाही. श्रावणात आणि गणपतीत कोकणातली, गोव्याची माणसं हळदीच्या पानात पातोळ्या करतात. मुंबईत ती पानं पैसे देऊन विकत घेतात, आणि आपल्या रानात ती कमरेइतकी उभी असतात. नागपंचमीच्या आधी हिरव्यागार रानाचा व्हिडिओ टाका, मुंबईच्या गिऱ्हाईकाला नात्यातल्यासारखं वाटेल. कुणी पानं मागितलीच तर चार-सहा जुड्या द्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. गड्डा पानांवरच पोसतो, त्यामुळे एकाच झाडाची पानं ओरबाडू नका. आणि नुकतीच फवारणी झालेल्या रानातलं पान खाण्यासाठी अजिबात देऊ नका, मग गिऱ्हाईक कितीही जवळचं असो. औषधाच्या लेबलवर काढणीपूर्व कालावधी असतो, तो बघा.

याच दिवसांत कंदमाशी आणि कंदकुज येते. ते लपवायचं का, असं मागे एका काकांनी विचारलं होतं. लपवू नका. "पाणी साचल्यामुळे एका कोपऱ्यात कंदकुज आली, चर काढून पाणी बाहेर काढलं" असं सांगून फोटो टाकला तर गिऱ्हाईक पळत नाही. उलट माल कमी निघाला किंवा भाव दहा-वीस रुपयांनी वाढवावा लागला तर कारण त्याला आधीच माहीत असतं. फक्त जमिनीतल्या पिकावर आगाऊ पैसे घेऊ नका. नाव लिहून घ्या, किती किलो पाहिजे ते लिहून घ्या, पैसे माल तयार झाल्यावर. एक पाऊस जास्त झाला आणि माल देता आला नाही तर पैसे परत करता येतात, पण शब्द गेला तो गेला.

आता सर्वांत महत्त्वाचा महिना, जानेवारी. मार्च नाही, जानेवारी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं आणि वाण काय द्यायचं हा प्रत्येक घरातला प्रश्न. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या देऊन बायका कंटाळल्यात. पन्नास ग्रॅम हळदीचं नेटकं पाकीट, सोबत एक हळकुंड, हे वाण म्हणून किती शोभेल सांगा. एक घर पंचवीस-तीस पाकिटं सहज घेतं, आणि ते पाकीट पंचवीस-तीस नवीन घरांत तुमच्या नंबरसकट पोहोचतं. अशी जाहिरात पैसे देऊनही होत नाही.

पण अडचण अशी की नवी हळद तेव्हा अजून जमिनीत असते. म्हणून मागच्या हंगामातली एखादी पिशवी हळकुंडं राखून ठेवावी लागतात. पावडर नाही, हळकुंडंच. डिसेंबरमध्ये लागतील तेवढीच दळायची. वाणाचं बोलणं तुळशीचं लग्न झालं की सुरू करा, कारण संक्रांतीच्या आठवड्यात विचारलं तर खरेदी झालेली असते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईही सुरू होते, हळदीच्या कार्यक्रमाला हळद लागतेच. गूळवाल्यांनी पण हे दिवस धरायचे. गुऱ्हाळं चालू असतात, तिळगुळाला नवा गूळ हवा असतो. काहिलीतून साच्यात ओततानाचा व्हिडिओ आवाजासकट टाका, वर गाणं लावू नका.

पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पाला कापणी, काढणी, लोणच्यासाठी ओली हळद. मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. हे दिवस म्हणजे चित्रीकरणाचा सुगीचा काळ. कुकरमधून वाफ निघतेय, काडी टोचून शिजली का बघताय, अंगणभर पिवळं वाळत पडलंय. रोज चार-पाच छोटे तुकडे काढून फोनमध्ये वेगळा अल्बम करून ठेवा. एक व्हिडिओ मात्र प्रत्येकाने कराच. पाच किलो ओली हळद काट्यावर ठेवा, वाळल्यावर तीच पुन्हा ठेवा. साधारण एक किलो भरते. "तुमची हळद महाग का?" या प्रश्नाला यापुढे तोंडी उत्तर द्यायला नको, तो व्हिडिओ पाठवा.

अल्बममधले तुकडे पावसाळ्यात वापरता येतात, पण "हा फेब्रुवारीतला आहे" असं लिहा. बाहेर धो-धो पाऊस आणि तुमच्या स्टेटसला हळद उन्हात वाळतेय, हे गिऱ्हाईकाच्या लगेच लक्षात येतं.

मार्च ते मे शहरात वर्षाचा मसाला करतात, तेव्हा मात्र सरळ विका. भाव, वजन, पाठवणीचा खर्च, किती शिल्लक आहे, सगळं स्पष्ट.

बेदाणावाल्यांचं कॅलेंडर वेगळं, पण रीत तीच. ऑक्टोबरची फळछाटणी दाखवा, शेडवरची वाळवण दाखवा, आणि विक्रीचा जोर दिवाळी फराळाच्या आधी लावा.

किती टाकायचं? आठवड्याला दोन स्टेटस आणि महिन्याला एक ब्रॉडकास्ट. विक्रीच्या दिवसांत थोडं जास्त. रोज टाकलं की लोक म्यूट करतात. स्टेटस चोवीस तासांत जातो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोहोचतो. त्यामुळे पाकिटावरच्या स्टिकरवर नंबराखाली "सेव्ह करून ठेवा" एवढं छापा. व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग करा म्हणजे भाव शंभर वेळा टाइप करायला नको.

काय लिहायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. हळदीने कॅन्सर बरा होतो, शुगर जाते, असले फॉरवर्ड आपल्या मालासोबत लावू नका. असे आजार बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि एखाद्याने तुमचं ऐकून गोळ्या बंद केल्या तर? "सेंद्रिय" हा शब्द एनपीओपी किंवा पीजीएस प्रमाणपत्र असेल तरच, क्रमांकासकट. नसेल तर जे केलं ते सांगा, "शेणखत घातलं, कंदकुजीसाठी एक आळवणी केली". सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालंय, पण त्याचा लोगो फक्त नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यालाच लावता येतो. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक पाहिजे. आणि बाजारातली हळद भेसळीची असते असं सरसकट लिहू नका. आपली दाखवा, दुसऱ्याची काढू नका.

कामाला आलेल्या बायकांचे चेहरे विचारल्याशिवाय टाकू नका. पैसे जमा झाल्याचे बँकेचे मेसेज स्टेटसला लावायचे तर अजिबात नाही. गेल्या हंगामात दोन-तीन ठिकाणी बघितलं म्हणून सांगतोय.

येत्या शनिवारी सकाळी दहा ते एक मी संकलन केंद्रावर आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन या, फोन चार्ज करून आणा. कॅटलॉग आणि ब्रॉडकास्ट यादी तिथंच करून देतो. ज्यांची हळकुंडं अजून शिल्लक आहेत त्यांनी वजन सांगा, संक्रांतीच्या छोट्या पाकिटांची छपाई एकत्र केली तर सगळ्यांनाच स्वस्त पडेल.

तुमचा,
कंपनीचा कृषी सल्लागार