मोजा आधी उलटा करून पाहा

दिवाळी सरली की नाशिक-निफाडकडे पहाटेचा गारठा वाढू लागतो आणि अनेक घरांत कपाटातल्या पिशवीतून सुया आणि लोकरीचे गुंडे बाहेर येतात. सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या लेकीच्या बाळासाठी टोपडे आणि पायमोजे घ्यायचे असतात. ‘रात्री पाय गार पडतात’ म्हणणाऱ्या आजोबांसाठी जाड मोजे हवे असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, मालिका ऐकता ऐकता दोन-चार ओळी होऊन जातात. स्वेटर संपायला महिना लागतो, मोज्यांचा जोड मात्र आठवड्यात पुरा होतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना आणि सवड कमी असलेल्यांना मोजे विणणे सोयीचे वाटते.

घरी विणलेले मोजे बहुतेक वेळा दोघांच्या पायांत जातात: नुकतेच जन्मलेले बाळ आणि घरातले वडीलधारे माणूस. या दोघांत एक साम्य असते. मोजा आवळतो आहे, आत काहीतरी रुतते आहे, हे दोघांनाही सांगता येत नाही. बाळाला बोलता येत नाही, आणि जुना मधुमेह असलेल्या माणसाला बऱ्याचदा ते जाणवतच नाही. त्यामुळे मोजा बाहेरून कितीही सुबक दिसला, तरी तो पायासाठी बरा की वाईट हे त्याच्या आतल्या बाजूवर ठरते.

दुसऱ्याने पाय तपासण्याची ही गरज नवी नाही. पहिल्या महायुद्धात चिखल-पाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभे राहून सैनिकांचे पाय सुजत, बधिर होत आणि सडत. १९१४ मध्ये ब्रिटनच्या राणी मेरी यांनी सैनिकांसाठी ३ लाख मोज्यांचे जोड देण्याचे आवाहन केले आणि घरोघरी सुया चालू लागल्या. पण नुसते मोजे पुरले नाहीत. ओले मोजे बदलून कोरडे घालायचे आणि सैनिकांच्या जोड्या लावून एकमेकांचे पाय रोज तपासायचे, अशी शिस्त लावावी लागली. बधिर पायाच्या मालकाला पायाची बातमी उशिरा कळते, हे तेव्हाच्या डॉक्टरांना उमगले होते.

बाळाचे पाऊल

नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. बाळ वजनाने जितके कमी, तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात, त्या ‘कांगारू’ पद्धतीत बाळाच्या अंगावर टोपडे, लंगोट आणि मोजे एवढेच असते. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शंभरामागे सुमारे १६ वरून १२ वर आले. ऊब मुख्यतः आईच्या अंगाची. आजीच्या टोपड्याचे आणि मोज्यांचे काम ती ऊब बाहेर निसटू न देण्याचे.

मोजे घातले म्हणजे बाळ उबेत आहे, असे मात्र धरून चालू नये. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि मोजा काढून पाऊल, दोन्हीला स्पर्श करावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला लगेच छातीशी घ्यावे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील, तर बाळाचे तापमान घसरले आहे. अशा वेळी छातीशी धरूनच तातडीने रुग्णालय गाठावे. मान आणि पाठ घामेजली असेल, तर एक थर कमी करावा.

दुसरा धोका बारीक आणि म्हणूनच नजरेतून सुटणारा. मोज्याच्या आतला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. बाळ पाय हलवते तसा तो आवळत जातो, बोट सुजते आणि धागा सुजेत रुतून दिसेनासा होतो. रक्तपुरवठा तुटला तर बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. दूध पाजले, लंगोट बदलला, तरीही बाळ रडायचे थांबत नसेल, तर मोजे काढून दहाही बोटे एकेक करून पाहावीत. लाल, फुगलेले बोट आणि त्यावर खाच दिसली, तर घरी खटपट करत बसू नये. त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे.

म्हणून बाळाचा मोजा विणून झाला की उलटा करावा. रंग बदलताना आत सोडलेले लांब धागे ओवून घ्यावेत, गाठी बाहेरच्या बाजूला घ्याव्यात. जाळीदार नक्षी टाळावी. तिच्या भोकांत बोटे अडकतात. घोट्याजवळ नाडी ओवण्याऐवजी एक सुलट एक उलट विणीची सैलसर पट्टी पुरते.

न दुखणारे पाऊल

बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंना इजा होते. सुरुवातीला मुंग्या येतात, जळजळ होते. पुढे स्पर्श आणि वेदना कळेनाशा होतात. दोन सुयांवर सपाट विणून शिवलेल्या मोज्याची शिवण अनेकदा तळव्याखालीच येते. निरोगी माणूस तो मोजा पाच मिनिटांत काढून ठेवेल. बधिर पायाचा माणूस दिवसभर त्यावर चालतो. संध्याकाळी फोड येतो, आठवड्याने जखम चिघळते आणि पुढची गोष्ट कधी कधी पाय कापण्यापर्यंत जाते.

अशा माणसासाठी चार-पाच सुयांवर गोल विणलेला, बिनशिवणीचा मोजा चांगला. शिवण असलीच, तर मोजा उलटा घालावा, म्हणजे शिवण बाहेर राहते. रंग पांढरा किंवा फिका निवडावा. रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. मोजा रोज बदलावा. जाड मोजा घालून नेहमीच्या मापाचा बूट घातला तर बोटे चेपतात, हे विसरू नये. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिक असतो. तो खऱ्या लोकरीसारखा घाम शोषत नाही, म्हणून बोटांच्या बेचक्या कोरड्या आहेत ना, हे पाहावे लागते.

विणलेल्या मोज्याचा मोठा उपयोगही इथेच आहे. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी पायाशी घेणारे मधुमेही झोपेत भाजतात आणि सकाळपर्यंत त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी सैल मोजा कितीतरी सुरक्षित.

संवेदना शाबूत आहे का, हे घरीही पाहता येते. आजोबांनी डोळे मिटून पडून राहावे. नातवाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा; दाबू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श जाणवला की आजोबांनी सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडून पाय नीट तपासून घ्यावेत. सगळे कळले तरी मधुमेह्याची पायांची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी.

मोजा काढल्यावर घोट्यावर खोल वण उठत असेल, तर पट्टी घट्ट झाली असेल किंवा पायावर सूज असेल. नडगीवर अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहिला, तर हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाच्या एखाद्या गोळीचा हा परिणाम आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये. आणि गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ. मोजे अंथरुणात घालावेत. उठताना तळ न घसरणारी चप्पल पायात सरकवावी.

विणणारे हात

विणणाऱ्यालाही या छंदाचा लाभ होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणत, त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले. ही माणसे मुळातच विणकामाची आवड असणारी होती, तेव्हा विणकामाने नैराश्य बरे होते, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. उदासीवर औषध चालू असेल, तर ते चालू ठेवूनच सुया हातात घ्याव्यात. पण टाके मोजताना मन एका जागी थांबते आणि संध्याकाळी हातात काहीतरी तयार झालेले असते. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर रिकामे झालेले तास भरायला एवढाही आधार मोठा असतो.

हात मात्र जपायला हवेत. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे, मनगट आणि मान मोकळी करावी. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल, तर हलक्या लाकडी किंवा बांबूच्या सुया वापरून पाहाव्यात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. ती तपासून घ्यावी.

या हिवाळ्यात ज्या घरात नवा जोड तयार होईल, तिथे तो पायात घालण्याआधी एकदा उलटा करावा आणि आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला जे खुपले, ते पायालाही खुपणार. आणि रात्री मोजे काढताना पावलांकडे एक नजर टाकावी. हे काम विणणाऱ्यानेच केले पाहिजे असे नाही. ज्याच्या हाती मोजा येईल, त्याने ते करावे.