‘खोत’ शब्दाचा अर्थ आणि रावसाहेब मंडलिक

आलापल्ली ज्या अहेरी परिसरात आहे, तो मुलूख ब्रिटिश अमदानीत जमीनदारीचा होता. चांदा जिल्ह्याच्या इतर भागांत मालगुजार होते, आणि दूर कोकणात खोत. या तिन्ही शब्दांमागे प्रश्न एकच उभा असतो: रयतेकडून सारा गोळा करून तो सरकारात भरणारा मनुष्य जमिनीचा धनी समजावयाचा की केवळ वसुली करणारा? मालगुजारांना इंग्रज सरकारने १८६० नंतरच्या जमाबंदीत मालकी बहाल केली. खोताचा प्रश्न मात्र मुंबईच्या कायदेमंडळापर्यंत गेला. तेथे खोतांची बाजू हिरिरीने मांडणारे गृहस्थ म्हणजे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) होत.

मंडलिक रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, काही काळ सरकारी नोकरी, पुढे मुंबईच्या हायकोर्टात वकिली, हा क्रम त्या पिढीला साजेसाच आहे. १८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढले. १८७४ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे आणि १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. ही सभासदत्वे सरकारनियुक्त होती, हे विसरता कामा नये. मंडलिक स्वतः खोत होते. उलट, खोताचे देणे भरणाऱ्या कुळाला त्या सभागृहात स्वतःचा आवाज नव्हता.

खोतांचा दावा वंशपरंपरागत मालकीचा होता. मोल्सवर्थच्या कोशात (१८५७) पाहावे, तर खोत म्हणजे मक्तेदार, तसेच गावचा सारा वसूल करणारा वंशपरंपरागत अधिकारी, असे अर्थ आढळतात. दोहोंत वसुली आहे, मालकी नाही. येथे मंडलिकांविषयी कुतूहल वाटते. नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये प्रसिद्ध झाले, दाय, विभाग, स्वत्व अशा संज्ञांचा काटेकोर विचार केल्यावाचून ते काम होण्याजोगे नाही. त्याच साली खोती कायदाही झाला. ‘खोत’ या संज्ञेला मात्र या विद्वानाने तीच तटस्थता दाखविली, असे म्हणवत नाही.

कायद्याने कोणाचाच अर्थ पुरता स्वीकारला नाही. धारेकरी व इतर कायम कुळे यांचे हक्क निरनिराळे मानून त्यांनी खोतास काय द्यावे हे ठरविले, आणि खोतही राहू दिला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. मालगुजारी व जमीनदारी संपविणारा मध्यप्रदेशचा कायदा त्यानंतर, १९५० मध्ये आला.